डाळ लवकर शिजवणारं पाणी

लोक पाणी तपासायला कशात घालून आणतील याचा काही नेम नाही. ब्रह्मपुरीच्या आमच्या प्रयोगशाळेत तेलाच्या बुधलीतून पाणी आलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आलं. एकदा तर एका गृहस्थांनी देशी दारूची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, वास नोका घेऊ, पानीच आहे." मी वास घेतला. पाणी नव्हतं. बिचाऱ्यांनी घाईत भलतीच बाटली उचलून आणली होती. मग त्यांना पाण्याच्या तपासणीपेक्षा ती बाटली परत मिळण्याचीच जास्त काळजी लागली.

धानोऱ्याकडचा एक माणूस बस बदलत बदलत आला होता. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली, वर नीट चिठ्ठी. मी खूश झाले. विचारलं, "पंप तुमच्याच गावचा ना?"

"नाई जी. पोरगी जिथी देऊन राह्यलो, तिथचा."

सोयरीक पाहायला गेला तेव्हा होणाऱ्या जावयाच्या आईचे दात त्याला तपकिरी दिसले. आपल्या भागात पाण्याने दात जातात हे त्याने ऐकलं होतं. म्हणून परतताना त्याच घरचं पाणी भरून आणलं. मी मन लावून तपासलं. पाणी उत्तम निघालं. सासूबाईंच्या दातांचं खापर सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यावर फोडावं लागलं. मी म्हटलं, "भाऊ, पाण्यात खोट नाही. पोरात असली तर ती तुम्ही पाहा." लग्नाची पत्रिका आली, पण मला जाणं झालं नाही.

अशी गिऱ्हाइकं आठवली की वाटतं, नोकरी मजेत गेली. मी रसायनी म्हणून लागले आणि रसायनी म्हणूनच निवृत्त झाले. स्वभावाने तापट. पाणी तापायला वेळ लागतो, मला तापायला लागत नाही, असं घरचे म्हणतात. पण आज लिहायचं आहे ते एका गावाबद्दल. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या पोरींची लग्नं अजून व्हायची आहेत.

त्या गावच्या पाण्यातलं फ्लोराइड म्हणजे काय, ते आधी सांगते. जंतू असते तर काम सोपं होतं, जंतू म्हटलं की लोक घाबरतात. हे जमिनीतल्या खडकातून पाण्यात उतरतं, आणि बहुतेक खोल बोअरच्या पाण्यात जास्त सापडतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तर ते जात नाही. पाणी आटतं आणि हे पठ्ठं तेवढंच्या तेवढं भांड्यात बसून राहतं. ब्लिचिंग पावडर टाका, कपड्यातून गाळा, काही उपयोग नाही. अगदी थोडं असेल तर दातांना चांगलंच असतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, आणि असं पाणी वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं, की मोठ्या माणसाची मान, कंबर, गुडघे आखडत जातात. लहान मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांचे पक्के दात हिरडीच्या आत आधीपासून तयार होत असतात. त्या कोवळ्या वर्षांत हे पाणी पोटात गेलं तर दात उगवतानाच खडूसारखे किंवा तपकिरी पट्ट्यांचे येतात. एकदा आले की घासून जात नाहीत.

तपासणी मात्र पाहायला छान. नमुन्यात एक लाल औषध घालायचं. लाल रंग जितका फिका पडेल तितकं फ्लोराइड जास्त. त्या गावच्या पंपाचं पाणी घातलं तेव्हा लाल रंग असा उतरला की मला वाटलं औषधच बिघडलं. दुसरं औषध काढून पुन्हा केलं. तेच.

नियमाप्रमाणे तो हातपंप लाल रंगवायचा होता, म्हणजे लोकांना कळावं की हे पाणी पिऊ नका. रंगवणारा रंगवून आला. महिनाभराने मी गेले तर पंपाभोवती ही गर्दी! आधी दोन आळ्यांतल्या बायका यायच्या, आता अख्खं गाव लोटलेलं. पंपाला हळदकुंकू लागलेलं, पायाशी नारळाची करवंटी. मी तिथेच तडकले. "लाल रंग दिसत नाही का तुम्हाला?"

एक उंच, काटक बाई हंडा भरता भरता थांबली. ती गिरजाबाई. घर पंपाला लागूनच, नवरा तलावात मासे मारणारा, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात मासे विकणारी ही. ती म्हणाली, "दिसते नं बाई. तुमीच तं शेंदूर लावून गेले! गावात येवढे पंप आहेत, एवढ्यालेच लावला. आमी समजलो, सरकारनं ह्यो पास केला."

मला हसू आवरेना, आणि राग तर आलेलाच होता. दोन्ही एकदम आल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते त्या बायकांनी त्या दिवशी पाहिलं. पण बरोबरच होतं त्यांचं. आमच्या भागात देवाच्या दगडाला लाल लावतात आणि नव्या नवरीला लाल नेसवतात. लाल म्हणजे धोका, हे आम्ही कचेरीत बसून ठरवलेलं.

मग आम्ही पंपाचा दांडाच काढून नेला. आठ दिवसांत पंप पुन्हा चालू! शाळेच्या पंपाचा दांडा काढून इथे बसवलेला. शाळेच्या पंपाचं पाणी खारं, पोरं घरूनच पाणी न्यायची, त्यामुळे तक्रार करणारं कोणी नव्हतं. सरपंच नामदेवभाऊंना मी जाब विचारला. पन्नाशीच्या आतले, धान पिकवणारे, बोलायला मिठ्ठास माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुमी दांडा नेला, आमी काई बोल्लो का? आमी दांडा लावला, तुमी काऊन बोलता?"

अशा माणसाशी काय भांडणार!

गिरजाबाईने मला अंगणात बसवलं, चहा दिला. तिची मोठी मुलगी वनिता कप घेऊन आली आणि ओढणीचं टोक तोंडावर धरूनच माझ्याशी बोलली. दात पट्ट्यापट्ट्यांचे. पाहुणे येऊन पाहून जायचे आणि मग निरोप यायचा नाही. ओसरीवर झोळीत गिरजाबाईची नात, माही. मुलाची मुलगी. नुकतं उष्टावण झालेलं, भाताची पेज चालू केलेली. पेज अर्थात त्याच पंपाच्या पाण्यात.

मी म्हटलं, "गिरजाबाई, वनिताच्या दातांचं आता काही होणार नाही. पण हिचे अजून हिरडीच्या आत आहेत. हिला हे पाणी देऊ नका."

ती झोळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पन बाई, पानी तं गोड आहे. आन् ह्या पान्यात डाळ कशी लोण्यावानी शिजते! तलावाखालच्या हिरीचं पानी घेतलं तं घंटाभर डाळ टणकच."

त्या गावात चांगलं पाणी कोणतं, हे ठरवायची एकच रीत होती. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते ते चांगलं. नवी विहीर खोदली, पंप लागला, की पहिल्या दिवशी त्यात तुरीची डाळ शिजवून पाहायची. ती नीट घोटली गेली की पाण्याला पसंती. माझी लाल औषधाची बाटली त्यांच्या लेखी कोण?

मी हट्टाला पेटले. म्हटलं, चला, लावा दोन चुली. एका भांड्यात पंपाचं पाणी, एका भांड्यात विहिरीचं, डाळ एकाच डब्यातली. बायका जमल्या, जळण आलं. मला वाटलं, इतका काही फरक पडणार नाही आणि यांचा भ्रम उतरेल. कसलं काय! पंपाची डाळ बघता बघता फुटली. विहिरीची डाळ पळीवर घेऊन दाबली तर टुणकन उडून एका आजीबाईंच्या लुगड्यावर. हशा पिकला. गावाने मला चितपट केलं.

हरल्यावर मी कारण सांगितलं. पंपाच्या खोल पाण्यात चुना कमी आणि सोड्याचा अंश जास्त. आपण भजी-वड्यात सोडा घालतो तोच गुण. म्हणून डाळ विरघळते आणि पाणी जिभेला गोडसर लागतं. ज्या पाण्यात चुना कमी, त्याच पाण्यात फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. "म्हणजे तुमची डाळ जिथे लवकर शिजते, तिथेच पोरांचे दात जातात," मी म्हटलं. आता हसत कोणी नव्हतं. गिरजाबाईने विहिरीच्या पाण्यातली ती टणक डाळ पुन्हा चुलीवर ठेवली आणि म्हणाली, "सकायपासून भिजू घातली तं शिजन. कायले नाई शिजन?"

त्या दिवसापासून तिच्या घरात विहिरीचं पाणी आलं. पण ती विहीर होळीनंतर कोरडी पडायची. पंप आला होता तोच त्यासाठी.

विहीर का आटते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. मालगुजारी काळातला मोठा तलाव, त्याच्या पाळीखाली, म्हणजे काठाच्या बांधाखाली, ही विहीर. तलावात पाणी असेल तोवर पाझराने विहीर भरलेली. मी पाणी तपासलं होतं, एकदम निर्धोक. पण उन्हाळी धानासाठी शेतकरी तलावाचं तुडूम उघडायचे. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची मोरी. पाणी तळाला गेलं की मासे मारणारे शेवटचे मासे ओंजळीने उचलावेत तसे उचलायचे. मग तलाव रिकामा, विहीर रिकामी, आणि गाव पंपावर. विहीर टिकवायची तर तलावात पाणी ठेवावं लागणार आणि दोघांनाही पोटाला चिमटा घ्यावा लागणार. ते कोण बोलणार?

तो प्रश्न ग्रामसभेत आला. मला बोलावलं होतं. एकाने विचारलं, "मॅडम, फ्लोराइड काढाची मशीन नाई का देत तुमी?" मी खरं तेच सांगितलं. मशीन मिळेल, पण तिच्यातलं औषध वेळोवेळी धुवावं लागतं, बदलावं लागतं. ते करणारा माणूस गावाला नेमावा लागेल. शेजारच्या गावच्या मशीनला सध्या बकरी बांधतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गिरजाबाई उठली. इतकी धीट बाई, पण पदर दोन्ही मुठीत धरून उभी होती. "तलावात पानी ठेवा. शेवटच्या पान्यातल्या मासोया आमी सोडतो."

तिचा नवरा मागून ओरडला, "तू कोण सोडनारी? घरी चाल, मंग पाह्यतो!"

"पाह्य नं. माह्या नातीचं तोंड पाह्य पयले."

नामदेवभाऊ म्हणाले, "तुमचं बरोबर आहे बाई. पन माहा उनाळी धान उभा करपला तं मी कोणाच्या दारात जाऊ? आन् हे गुडघे-बिडघे पान्यानं नाई दुखत. लाखोळीची डाळ खाऊन खाऊन गावाचे पाय आखडले, हे तं माहा बापही सांगे."

लाखोळीचं हे खापर मी गावोगाव ऐकलेलं. म्हटलं, ठीक आहे, लाखोळीने पाय आखडतात, मान नाही. आपण पाहूच. सगळे उभे राहा. हनुवटी छातीला लावून दाखवा.

नामदेवभाऊ हसले. "मी कोणापुढं मान झुकवत नाई मॅडम!" सभा खदखदली. पण पोरंटोरं लावू लागली, बायका लावू लागल्या, म्हणून मग तेही प्रयत्नाला लागले. हनुवटी अर्ध्यावर अडली. पुन्हा जोर केला, चेहरा लाल झाला, हनुवटी जागची हलेना. आजूबाजूला तिशी-चाळिशीतले आणखी काही जण तसेच अडलेले. नामदेवभाऊ बाजूला पाहायला गेले तेव्हा मान न वळता खांद्यासकट वळले. मला वाटतं, ते त्यांच्याही पहिल्यांदाच लक्षात आलं. मी बेत केला होता खरा, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "मी तं लाखोळी खातच नाई. मले पचत नाई."

त्यांनी हात वर केला नाही, पण ठराव लिहा म्हणाले. पाळीच्या पायऱ्यांवरचा एक दगड ठरला. पाणी त्या दगडाला टेकलं की तुडूम बंद, कोणाचं काही असो. मग तुडुमाची किल्ली कोणाकडे, यावर भांडण लागलं. मासे मारणारे म्हणाले आमच्याकडे, शेतकरी म्हणाले आमच्याकडे. गिरजाबाई म्हणाली, "सरपंचालेच द्या. तलावाखालचं सगळ्यात मोठं वावर त्याईचं. पानी चोरी गेलं तं नाव त्याईचंच येईन. मंग राखतीनच!"

नामदेवभाऊंनी किल्ली घेतली, तोंड असं केलं की जणू जळता निखारा हातात ठेवला. मला एवढं हसू आलं! कितीही वरून हुकूम आणला असता तरी मला ही युक्ती सुचली नसती. पंपाचा दांडा त्यांनी स्वतःच काढून शाळेच्या पंपाला बसवला. ते खारं पाणी हातपाय धुवायला चालत होतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. सगळ्या गावांना अशी विहीर नसते. काही गावांत मी लाल रंग फिका पडताना पाहिला, कागद पाठवला, आणि त्यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. भामरागडकडचे नमुने तर पावसाळ्यात रस्ता बंद झाला की महिनोन्महिने यायचेच नाहीत. तिथली लेकरं तेवढे दिवस काय पीत होती, कोण जाणे. वनिताचं लग्न झालं, चांगला माणूस मिळाला, पण हसताना तिचा हात तोंडावर जातोच. माझं काम दहा ठिकाणी उशिरा पोचलं, हे मी नाकारत नाही. पण या एका गावाचं नाव काढलं की आजही मला बरं वाटतं.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे ठरावानंतर सातेक वर्षांनी, पाऊस कमी झाला. तलाव निम्माही भरला नाही. उन्हाळी धान पोटरीत आला, लोंब्या धरायच्या बेतात, आणि पाणी दगडाला टेकलं. मला गावातून फोन येऊ लागले, कोणी म्हणे तुडूम उघडलं, कोणी म्हणे उघडणार. मला राहवेना. जीप पकडून गेले. नामदेवभाऊ आता सरपंच नव्हते, पण किल्ली गावाने त्यांच्याकडेच ठेवली होती. बांधावर बसले होते. खालच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, पिवळ्या पडत चाललेल्या.

"किल्ली कुठे आहे?" मी काळजीने विचारलं.

"बायकोजवळ देल्ली. माह्याजवळ राह्यली तं मन बदलन."

"आणि त्या देतील का मागितली तर?"

"तिले म्हटलं, मी मांगतली तरी नोको देऊ. आता दोन दिवस झाले, मांगून राह्यलो, देऊन नाई राह्यली! जेवाले देते, किल्ली नाई देत." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, तरी हसत होते. मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. पाळीलगतच्या वरच्या बांध्या पाझरावर वाचल्या, खालच्या गेल्या. तलावातलं पाणी दगडाखाली उतरलं ते फक्त उन्हाने.

धान कापायच्या सुमारास गिरजाबाईचा फोन. "बाई, माहीचे समोरचे दुधाचे दात पडले व्हते. नवे येऊन राह्यले. तुमी या. आमाले पाह्याचं भेव वाटते."

"भेव कसलं? तोंड उघडून पाहा की!"

"नाई बाई. तुमी या."

गेले. गिरजाबाई पाळीवरच वाट पाहत उभी होती, नात हाताशी. तिचं तोंड उन्हाकडे करून मी म्हटलं, आ कर. वरचे दोन दात निम्मे बाहेर आले होते, नव्या दाताला असते तशी कडेला करवतीसारखी नक्षी. मी ओल्या बोटाने पुसले. पुन्हा पुसले. ओठ वर करून हिरडीपर्यंत पाहिलं. कुठे पट्टा नाही, कुठे ठिपका नाही, खडूचा पांढुरकेपणाही नाही. आयुष्यभर मी लाल रंग फिका पडताना पाहिला, पण इतक्या बारकाईने काही पाहिलं नव्हतं.

"पांढरे आहेत," मी म्हटलं.

"पक्के? मंग लाल नाई ना होनार?"

"पक्के, गिरजाबाई. असे उगवले तसेच राहणार. बाकीचेही असेच येतील, हेच पाणी देत राहा."

ती मटकन पाळीवर बसली आणि रडू लागली, मोठ्याने, लाज न बाळगता. माही घाबरून माझ्याकडे पाहू लागली, की आपलं काय चुकलं. मीही डोळे पुसले, आता सांगायला काय जातं! मग गिरजाबाई एकदम उठली, पदराने नाक पुसलं आणि पाळीवरून खाली शेताकडे तोंड करून बाजारात मासे विकताना ओरडते त्या आवाजात ओरडली, "भाऊ ओ! पांढरे निंगाले! पोट्टीचे दात पांढरे निंगाले!"

नामदेवभाऊ पाळीलगतच्या बांधीतला धान कापत होते, जो वाचला होता तो. विळा हातात धरून उभे राहिले. मग तिथूनच ओरडले, "मंग यंदाचा पयला भात तिलेच देजा! थोडासा हाय, चावून चावून खाय म्हना!"